सुपारी, अडकित्ता आणि माझा उजवा हात

दोंडाईचा, १२ मार्च १९९१

तीर्थस्वरूप ताईबाई अक्कास धाकट्या शालिग्रामचा पाया पडून नमस्कार.

इकडे बठ्ठं बरं शे. तुझे गुडघे आणि तुझी म्हैस कशी आहे ते कळव. (म्हशीचं आधी कळव.) माझा हात आता ठणठणीत आहे, हे सांगायलाच हे पत्र.

तुझ्या दिराच्या मुलाशी माझ्या कुंदाचं लग्न ठरवायला मंडळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा ऐन सुपारी फोडताना माझा हात अडकित्त्यासकट आखडला, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. इथल्या डॉक्टरांनी नस दबली म्हणून मानेला पट्टा बांधला. तो घालून मिरची विकायला गेलो. मान डोलावता येईना, व्यापाऱ्यांना वाटलं मी भावावर अडून बसलोय. भाव मात्र झकास मिळाला!

शेवटी तुझ्या भावजयीने, मंदाबाईने जळगावला नेलं. तिथले एक डॉक्टर मनातलं दुखणं अंगात कसं उतरतं ते बघतात. मी ठणकावून सांगितलं, माझ्या मनात काही नाही. (मंदाबाई म्हणाली, तेच तर दुखणं शे.) त्यांनी एक्स-रे बाजूला सारला आणि पुढ्यात अडकित्ता अन् सुपाऱ्या ठेवल्या. मी कातरून ढीग घातला, कंपाउंडरने त्यातली खाल्लीसुद्धा. मग डॉक्टर सहज म्हणाले, आता ही कुंदाची सुपारी समजा. अक्का, हाताचं जागच्या जागी लाकूड झालं! घाबरलोच मी. नसेला पोरीचं नाव कसं कळलं?

डॉक्टर म्हणाले, "शालिग्रामभाऊ, तोंड बोलत नाही ते हात बोलतोय. तोंडाला कामाला लावा." गोळी नाही, इंजेक्शन नाही. रोज अंग सैल सोडून बसायचं आणि कुणाला तरी 'नाही' म्हणायची सवय करायची. पहिल्यांदा मी चहाला नाही म्हटलं, मंदाबाईने खरंच दिला नाही. मग शेजारच्या आधारला बैलजोडी नाकारली. तो पुढच्या घरी मागायला गेला. आता मी या विद्येत इतका तयार झालोय की कलेक्टरलाही नाही म्हणेन.

तू सुपारीसाठी आखाजीच्या सणानंतरची तारीख धरलीस, आनंद आहे. तुझा शब्द मी कधी मोडलेला नाही.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
शालिग्राम

ता. क. अक्का, नाही. त्या मंडळींना कुंदाचं नर्सिंगचं शिक्षण सोडवायचंय आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून रडते. आई गेल्यावर तू मला घास भरवलास, म्हणून तुझ्यापुढे माझी जीभ उचलत नाही. पण ही सुपारी मी फोडणार नाही. तिचं शिक्षण आधी पुरं होऊ दे.

आणखी एक. उत्तर मंदाबाईच्या नावाने पाठव. माझं जेवण झालं की ती हळूहळू वाचून दाखवेल.