मांडीवरचा माईक

अप्पा,

लाऊडस्पीकरची पेटी जोडायचा क्रम मला अजून पाठ आहे. आधी दोन्ही कर्ण्यांच्या वायरी, मग माईक, मग ग्रामोफोन, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. तुम्ही म्हणायचात, आवाजाला आधी बाहेर पडायची वाट करून द्यावी, मगच त्याला आत घ्यावा. वाट न ठेवता आत घेतला की तो पेटीच्या पोटातच जळतो. ज्या नाटकवाल्यांकडून तुम्ही सोलापुरात आपला लाऊडस्पीकर विकत घेतलात, त्यांची आधीची पेटी म्हणे अशीच जळाली होती. पेटीच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं होती आणि आपल्या घरात कुणालाही कसलंच अक्षर येत नव्हतं. म्हणून तुम्ही घोंगडीची लोकर काढून वायरींना बांधली. माईकला तांबडी, ग्रामोफोनला पांढरी, कर्ण्यांना काळी, एकाला एक गाठ आणि दुसऱ्याला दोन. त्याच रंगाची लोकर त्या त्या भोकाशेजारच्या खिळ्यालाही गुंडाळलेली. माईक चुकून ग्रामोफोनच्या भोकात गेला तर बोलणारा माणूस खोल विहिरीतून हाका मारतोय असं वाटायचं, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "काढ गं त्याला वर, बुडंल गरीब."

पेटी आणली त्या दिवशी निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावरच्या जमादारानं गाडी थांबवून विचारलं होतं, ह्यातनं इंग्रजांकडे खबर जाते काय. तुम्ही तिथंच रस्त्याच्या कडेला सगळं जोडलंत आणि माईक त्याच्या हातात दिलात. त्यानं घसा साफ केला, स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं नाव सांगितलं, आणि कर्ण्याकडे बघत म्हणाला, "थोडा और बडा करो." ही गोष्ट तुम्ही आपल्या किराणा दुकानात येईल त्याला सांगायचात. पण स्वतः मात्र तुम्ही कधी माईकवर बोलला नाहीत. माईक चालतोय का हे बघायला बोटानं टिचकी मारायचात, फार तर फुंकर घालायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "आपुन वायर वढणारी माणसं. बोलणारे येगळे."

मी तुमच्याबरोबर कधीपासून यायला लागले ते आठवत नाही. आईला ते आवडत नव्हतं हे आठवतं. लग्नात, जत्रेत, कीर्तनात तुम्ही कर्णे झाडाला बांधायला वर चढायचात तेव्हा पेटीपाशी कुणीतरी बसायला हवं, एवढंच निमित्त. पण मग मला ऐकू यायला लागलं. कर्ण्याचं तोंड माईककडे वळलेलं असलं की शिट्टी सुटते, हे सगळ्यांनाच ठाऊक. ती सुटायच्या आधी आवाजाला एक धार येते, तव्यावर पाण्याचा थेंब पडायच्या आधी तवा जसा वाटतो तशी. ती मला कळायची. मी बटण नखभर मागे घ्यायची आणि शिट्टी यायचीच नाही. तुम्ही झाडावरून खाली बघायचात. आवाज जास्त झाला तर कानडीत "साकु, साकु," म्हणजे पुरे पुरे, एवढंच म्हणायचात, आणि बरोबर असला तर काहीच म्हणायचा नाहीत. तुमचं ते काहीच न म्हणणं मला फार आवडायचं.

अणदूरच्या जत्रेच्या वेळी मी अकरा-बारा वर्षांची असेन. जर्मनची लढाई चालू होती, बॅटरीचं तेजाब मिळत नव्हतं, तरी तुम्ही कुठून तरी बॅटऱ्या भरून आणल्या होत्या. दुपारची वेळ आहे. खंडोबाच्या देवळापुढे मांडव घातलाय, वाघ्या-मुरळीचं गाणं चाललंय, आणि आवाज मधूनच तुटतोय. वाघ्या पाणी प्यायला थांबला तेव्हा तुम्ही माईक पेटीपाशी घेऊन आलात आणि मांडीवर ठेवलात. वायरीचा सांधा सैल झाला होता. तो कुठं सुटतोय हे कळायला माईक चालूच ठेवावा लागतो. वायर बोटानं दाबत पुढं सरकायचं, जिथं खरखर होईल तिथं दोष. तुम्ही मला म्हणालात, बटण आहे तिथंच धरून ठेव, हात हलवू नको. मी धरून बसले.

तेवढ्यात मागून जत्रेचे मानकरी आले. पान खात उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय रं, पोरीच्या हातात पेटी दिलीस? उद्या लगीन करून देशील तवा हुंड्यात कर्णे देणार का?" त्यांच्याबरोबरचे दोघं-तिघं हसले. एक म्हणाला, "सासू वरडायच्या आधी हीच सासूचा आवाज बारीक करंल." तुम्ही वायर दाबतच होतात. तुम्हाला राग आला की तुमच्या कानाची पाळी लाल व्हायची. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "माझी पोर काय बटणं फिरवायला जल्मली न्हाय, मालक. म्या तिला सोलापूरला शाळंत घालणार हाय. शिकून मास्तरीण होणार हाय ती."

मानकरी लांब उभे होते, त्यांचं बोलणं माईकनं घेतलं नाही. तुमचं घेतलं. देवळासमोरच्या आणि बैलबाजाराकडच्या अशा दोन्ही कर्ण्यांतून तुमचा आवाज गेला, आणि बाजाराकडचा भिंतीवर आपटून थोडा उशिरा परत आला. जत्रेतल्या कुणालाच टोमणा ऐकू आला नव्हता. त्यांना एवढंच कळलं की गाणं थांबलंय आणि देवाच्या दारात कुणी बाप मुलीला मास्तरीण करायचं बोलतोय. अशा वेळी आपल्याकडे लोक काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मांडवातून कुणीतरी "येळकोट येळकोट" म्हटलं, सगळ्यांनी "जय मल्हार" म्हणून उचललं, आणि भंडारा उधळला. पेटीवर, बॅटरीवर, तुमच्या डोक्यावर, माझ्या परकरावर सगळीकडे हळद. भंडारा पडला म्हणजे बोलणं देवानं ऐकलं, तो नवस झाला. गुरवांनी येऊन माझ्या कपाळाला भंडारा लावला. मानकऱ्यांनीही लावला, कारण आता त्यांनाही दुसरं काही करता येत नव्हतं. तुम्ही माईककडे बघत होतात. सांधा सापडला होता, तुमचं बोट अजून त्यावरच होतं.

तुमच्या मनात मला शाळेत घालायचं कधीच नव्हतं, हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. तसं काही असतं तर तुम्ही आधी आईशी बोलला असतात. ते टोमण्याला दिलेलं उत्तर होतं, आणि तो टोमणा माझ्यावरून होता.

घरी आई म्हणाली, "जत्रंत वायरी जोडाया गेला होता का पोरीला घालवाया?" तुम्ही म्हणालात, "तोंडातनं गेलं." आई म्हणाली, "तोंडातनं गेलं ते माघारी येतं. कर्ण्यातनं गेलं ते कसं यायचं?" नंतर कित्येक दिवस दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, कधी निघाली मास्तरीणबाई. कुणी थट्टेनं, कुणी खरंच. शेवटी तुम्ही अणदूरला जाऊन गुरवांना विचारून आलात. ते म्हणाले, शब्द ज्याच्यासाठी दिला त्यानं स्वतः नको म्हटलं तर देव सोडतो, त्यात पाप नाही.

मग तो स्वयंपाकघरातला दिवस. आई धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. मी भाकरी थापत होते, तुम्ही दारात उकिडवे बसलात. सरळ विचारलंत, "तुला जायाचं हाय का शाळंला? नको वाटत असंल तर नको म्हण. म्या रागावनार न्हाय." मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. मला तिथं काय दिसलं हे इतक्या वर्षांत मी किती वेळा तपासलं असेल. मला वाटलं, मी हो म्हणावं असं तुम्हाला हवं आहे. मला वाटलं, नको म्हटलं तर साऱ्या जत्रेला ऐकू गेलेला तुमचा शब्द माझ्यामुळं खोटा ठरेल. मी म्हणाले, "व्हय, जायचंय." तुम्ही मान हलवलीत, एक भाकरी उचललीत आणि कोरडीच खात बाहेर गेलात. आता वाटतं, तुम्हाला नको ऐकायचं होतं. मग वाटतं, नाही, तसं असतं तर तुम्ही पुन्हा विचारलं असतंत. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

उन्हाळ्यात नळदुर्गच्या मोटार स्टँडवरचा एक माणूस पेटी बघायला आला. मला सोलापूरला मावशीकडे ठेवायचं, पुस्तकं, कपडे, सगळ्याला पैसे लागणार, आणि पेटीशिवाय घरात विकण्यासारखं काही नव्हतं, हे कुणी मला सांगितलं नाही, सांगावं लागलंही नाही. तुम्ही त्याला म्हणालात, "जोडणी हिला इचारा, हिला माझ्याहून बरी येती." आणि मी सांगितलं. लोकर, गाठी, आधी वाट मग आवाज, शिट्टी यायच्या आधीची ती धार, सगळं. काहीतरी मागे ठेवावं असा विचार मनात आला होता, तो आला याचीही मला लाज वाटली, म्हणून मी जास्तच नीट सांगितलं. तो माणूस हसून म्हणाला, "पेटीसंगं पोरगी बी द्या." तुम्ही हसला नाहीत. गाडी वळणाआड गेल्यावर तुम्ही दुकानात जाऊन विनाकारण तराजू पुसत बसलात.

सोलापूरच्या शाळेत मी वर्गात सगळ्यांत उंच होते आणि मला सगळ्यांत कमी येत होतं. तुम्ही वर्षातून दोन-तीनदा शेंगांचे लाडू घेऊन यायचात, मावशीच्या ओसरीवर बसायचात आणि म्हणायचात, "काय शिकलीस, वाच." मी काहीही वाचायची, भूगोल, हिशेब, व्याकरण. तुम्ही डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून ऐकायचात, कर्णा नीट लागलाय का बघताना ऐकायचात तसे. एकदा मधेच म्हणालात, "हळू वाच, आवाज फाटतुय." मला तेव्हा तुम्हाला खरं काय ते सांगायचं होतं, आणि मी पुढचं पान वाचलं. तुम्ही गेलात तो निरोप मला उशिरा मिळाला. मी आले तेव्हा दुकान बंद होतं आणि आई अंगणात बसली होती. परीक्षा बुडेल म्हणून आधी कळवलं नाही, असं ती म्हणाली. तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.

मी एकदा आईपाशी हे सगळं काढलं, की माझ्यापायी अप्पांची पेटी गेली. ती निवडत असलेल्या तुरीतून मान वर न करता म्हणाली, "तुझ्यापायी? त्यांची कंबर गेली होती. झाडावर चढवत न्हवतं. तुझं निमित झालं." ते खरं असेलही. अप्पा, मला ते ऐकून हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं की ती मला समजावतेय. हेही मला ठाऊक आहे की तेव्हा मी नको म्हटलं असतं तरी दोनेक वर्षांत माझं लग्न झालं असतं, आणि पेटी राहिली असती तरी तिच्यापाशी मी नसते. हा हिशोब बरोबर आहे. मी मुलींना शिकवते, बरोबर हिशोब मला कळतो. त्यानं माझं काही भागत नाही.

आता मी धाराशिवला आहे, आई माझ्याजवळ असते. निजामाचं राज्य गेलं. परवा शाळेच्या पटांगणात समारंभ होता, लाऊडस्पीकर मागवला होता. मोठ्या बाईंनी मला सांगितलं, खेड्यातून येऊन तुम्ही कशा शिकलात ते मुलींच्या आयांना चार शब्दांत सांगा. मी उभी राहिले. कर्णा माईकच्या अगदी पाठीशी बांधला होता. मी बोलायच्या आधी माईकची मान थोडी वळवली. लोकांना वाटलं असेल, बाई घाबरल्या. मी सांगितलं की माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी भर जत्रेत देवापुढं शब्द दिला आणि पाळला. यात खोटं काही नाही. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. मानकरी, टोमणा, मांडीवरचा माईक यातलं मी काही सांगितलं नाही. तुम्हाला मी त्या क्षणी सुधारक करून टाकलं, आणि तुम्ही तिथं नव्हतात, नाहीतर तुम्हाला राग आला का ते कानाच्या पाळीवरून मला कळलं असतं.

समारंभ संपल्यावर लाऊडस्पीकरवाला वायरी गुंडाळत होता. कोपरावरून नीट गुंडाळत होता, पण बॅटरी आधी न सोडताच त्यानं कर्णे काढले होते. मी बराच वेळ तिथं उभी असले पाहिजे, कारण तो म्हणाला, "बाई, काही पाहिजे होतं का?" मी म्हणाले, "नाही." आणि मुलींना रांगेत उभं करायला गेले.

अप्पा, मला शाळा नको होती. वाईट वाटावं असं शाळेनं माझं काही केलं नाही, मुली मला आवडतात, मी मन लावून शिकवते. पण तुम्ही दारात बसून विचारलंत तेव्हा मला पेटीपाशी बसायचं होतं, आणि परवाही मला तेच हवं होतं.

आई मघापासून विचारतेय, दिवाभर तेल जाळून एवढं काय लिहितीस. मी तिला सांगितलं, शाळेचं काम आहे.