खुर्ची अजून विकलेली नाही

चि. धाकट्यास,

ताईचे भरघोस आशीर्वाद. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर बोटं नीट वळतात का, झोप लागते का, आणि लेकीच्या घरी जावयादेखत तरी वेळेवर आंघोळ करतोस का, हे आधी कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे. (एक किरकोळ गोष्ट सोडून, पण ती इथे लिहिण्याजोगी नाही.)

तू पाठवलेलं मुखत्यारपत्र मिळालं. सोबतची चिठ्ठीही वाचली. डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, 'ताई, जिन्यावरून पडलो त्यात माझा हात कायमचा गेला, आता दवाखाना विकून टाक.' मी एकतीस वर्षं शाळा चालवली आहे, त्यामुळे कुठलाही कागद पहिल्या ओळीपासून वाचते. तुझ्या कागदात म्हटलं आहे की मला तुझा दातांचा दवाखाना चालवण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार आहे. मी क्रमाने जाणारी बाई. सध्या चालवते आहे. पुढच्या कलमांकडे वळायला सवड झालेली नाही.

आता चालवायचा म्हणजे दात काढणारं कुणीतरी हवं. (वकिलांना मी विचारलं होतं. तुझ्या सगळ्या सह्या मी करू शकते, पण तुझी पक्कड हातात घेऊ शकत नाही म्हणाले. मी आपलं माहितीसाठी विचारलं होतं.) म्हणून नुकतीच शिकून आलेली एक डॉक्टरीण दोन महिन्यांच्या बोलीवर ठेवली. पोरगी हुशार आहे, पण भलती घाईची. आल्या दिवशीच तिने तुझी कार्डं उपसली आणि मला बोलावून विचारलं, की 'बघू' हा कुठला उपचार? धाकट्या, त्रेचाळीस कार्डांवर तू 'बघू' लिहून ठेवलं आहेस! कुणाचा दात हलतोय, बघू. कुणाची दाढ किडली, बघू. हा स्वभाव तुझा जन्माचा आहे. स्वतःचा दुधाचा दात पडू नये म्हणून तू आठवडाभर तोंड मिटून खाणाखुणांवर होतास आणि आई तुला मुका झाला समजून रडली होती. पण लोक त्या 'बघू'साठीच तुझ्याकडे येत होते, हे मला आत्ता कळलं. डॉक्टरीण 'काढू या' म्हणाली की पेशंट उठून चपला शोधायला लागतो. मग मी मुखत्यारपत्र दाखवते आणि तुझ्या वतीने, जरा खर्जात, 'बघू' म्हणते. बसतात परत.

तू परस्पर धाडलेला तो जुन्या सामानाचा व्यापारी मंगळवारी टेप घेऊन हजर झाला. त्याला दारातूनच वाटेला लावणार होते, पण खुर्ची मागे किती झुकते हे त्याला पाहायचं होतं. मी म्हटलं, बसूनच बघा. तो बसला, मी बटण दाबलं, तो आडवा झाला, तोंडावर दिवा आला आणि त्याने आपसूक आ केला. (दिवा आला की माणूस आ करतोच. तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस.) डॉक्टरीण शेजारीच उभी होती, तिने डोकावलं. दोन रूट कॅनॉल निघाले. बिचाऱ्याला सहा वेळा यायचं आहे आणि आता तोच हात जोडून सांगतो, बाई, माझं काम होईपर्यंत ही खुर्ची कुणाला देऊ नका.

तू म्हणशील, ताई, हा आडमुठेपणा झाला. झालाच. पण लेकीने मला फोनवर सगळं सांगितलं आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात दोन महिन्यांत हात पहिल्यासारखा चालेल, फक्त रोज रबरी चेंडू दाबायला हवा. आणि तू चेंडू मांडीवर ठेवून खिडकीत बसतोस. धाकट्या, गेला तो तुझा धीर, आणि त्याचं मुखत्यारपत्र कुणाला देता येत नाही. मला फार वाईट वाटतं रे. तुझा पांढरा कोट मी धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला आहे. डॉक्टरीण तिचा कोट घरून आणते, तसं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं आहे. तेव्हा चेंडू दाब. रोज शंभर वेळा, आणि लेकीची सही घे.

तुझी ताई
(मुखत्यार)

ता. क. ती किरकोळ गोष्ट. कार्डं लावताना माझंही सापडलं. 'ताई. खालची डावी दाढ. बघू.' खाली अकरा तारखा आणि अकरा वेळा 'बघू'. ती दाढ परवापासून ठणकते आहे. डॉक्टरीण म्हणते औषधावर थोडे दिवस निघतील, पण काढावी लागणारच. मुखत्यार या नात्याने मी तिला तुझ्या वतीने 'काढा' असं सांगितलं आणि पेशंट या नात्याने उठून चपला शोधल्या. दुसऱ्या कुणाच्या हाताने मी ती काढून घेणार नाही.

आणखी एक. वकील म्हणाले, मुखत्यारपत्र रद्द करायला तुझी सही लागते. तो कागद मी करून घेतला आहे, पण टपालाने पाठवणार नाही. तुझ्या ट्रेमध्ये, पकडीखाली ठेवला आहे. सही उजव्या हाताची हवी. येशील तेव्हा आधी हात धू. मी खुर्चीत आ करून बसलेली असेन.