आपा, तुझा चारचा वर्ग

अकोला
२ फेब्रुवारी २००६

प्रिय नसीम आपा,

आधी माफी मागते. तुला जाऊन तीन महिने होत आले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. रोजनिशीत सगळं लिहीत होते, तुझ्यापाशी आलं की पेन थांबायचं. तेव्हा ते दुःख होतं. आज लिहायला बसले आहे ती रागाने. गेलेल्या माणसावर रागवावं का? कळत नाही. तू असतीस तर तुझ्या लूनावर मागे बसून भांडले असते, आणि तू म्हणाली असतीस, "हवा में कुछ सुनाई नहीं दे रहा!"

काल संध्याकाळी संगीता घरी आली होती. आपल्या कॉलेजातल्या बी.ए.ची, सरकारी दवाखान्यात वॉर्डात काम करणारी. दोन वर्षं कापसाने दगा दिल्यावर नवऱ्याबरोबर तिवशाकडचं गाव सोडून अकोल्यात आली, ती. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, परीक्षा तोंडावर आली. आपाच्या जाग्यावर शिकवाले कोनी भेटन का? तुमच्या ओळखीची दुसरी मॅडम असन तं सांगा न."

"कसली जागा?" मी विचारलं.

"चारच्या वर्गाची."

"कुठला चारचा वर्ग?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. "अगं माय! तुमाले मालूमच नाई?"

आपा, मला मालूमच नव्हतं! तुझ्या ओसरीवर रोज दुपारी चारला आपलीच मुलं बसत होती. मुलं कसली, लेकुरवाळी माणसं. रात्रपाळी करून, झोपून, स्वयंपाक उरकून येणारी. माझ्या सकाळी सातच्या वर्गाला न येणारी. आणि तू त्यांना फक्त तुझं राज्यशास्त्र नाही, माझं अर्थशास्त्रही शिकवत होतीस.

मग आपले ते रविवार काय होते? आठवतात ना? जो सकाळी येत नाही त्याच्या घरी जायचं, ही कल्पना माझी. लूना तुझी. मी दारात उभी राहून हजेरीबद्दल, पदवीबद्दल, पहाटे उठण्याच्या सवयीबद्दल बोलायची. दालमिलमधला विठ्ठल हात जोडून म्हणायचा, "येतो न मॅडम, उद्या पक्का येतो." तू परतताना हसायचीस : "इसका उद्या बहुत पुराना है, सुनंदा." मीही हसायचे.

माझं बोलून झालं की मी पायऱ्या उतरायची आणि तू म्हणायचीस, "तू चल, मी पाणी पिऊन येते." काल कळलं ते पाणी. संगीता सांगत होती, तुम्ही उतरल्या की आपा हळूच म्हणे, चार बजे आना, मॅडमला सांगू नका.

मला सांगू नका! हे तू किती दारांत म्हणालीस?

"कावून सांगू नका?" मी संगीताला विचारलं. तिच्याच बोलीत विचारलं, बहुतेक रडू आवरायला.

"आपा म्हने, ते बिचारी लई मन लावून शिकवते, तिले वाईट वाटन."

बिचारी. हा शब्द तू माझ्यासाठी वापरलास? रिकाम्या बाकांसमोर उभी राहून मी स्वतःला काय काय विचारलं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? माझा आवाज रटाळ आहे का? मी फार कडक आहे का? एकदा तुला सरळ विचारलं होतं, "आपा, खरं सांग, माझं शिकवणं वाईट आहे का?" तू माझ्या डब्यातली भाजी खात म्हणालीस, "पगली, तुझ्यासारखं कुणी शिकवतं का?" त्या उत्तरावर मी कितीतरी सकाळी काढल्या. ते खोटं होतं का, हे आता कुणाला विचारू?

आणि माझ्या नोट्स! "बाळापूरच्या भाचीला हव्यात," म्हणाली होतीस. मी त्या पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या. तुझी भाची शास्त्र शाखेला आहे, हे तुझ्या मयतीला बाळापुरात तिच्याच तोंडून ऐकलं. तेव्हा वाटलं, बदलली असेल शाखा.

काल संगीता म्हणाली, "आपाचं अर्थशास्त्र लई सोपं. पयली कचोरी गोड लागते, चवथीले पोट म्हनते बस कर! तवाच समजलं मले." आपा, घटत्या उपयोगितेची ती कचोरी माझी आहे! सातच्या वर्गात तीन डोक्यांसमोर मी ती सांगितली आणि कुणी हसलं नाही. काल संगीतासमोर हे ओठांवर आलं होतं, गिळलं. मेलेल्या मैत्रिणीकडून कचोरी परत मागायची का?

सगळ्यात जास्त टोचते ती तुझी शोकसभा. मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, "आपाने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही." मागच्या ओळीतल्या माना एकदम खाली गेल्या. मला वाटलं, रडताहेत. आता वाटतं, माझी लाज त्यांना वाटली. सगळा वर्ग ओळखत होता तुला. एक मीच नाही.

न्याय करायला बसले तर हेही लिहायला हवं : तू सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? "वेळापत्रकात नाही" असं म्हटलं असतं? म्हटलंही असतं कदाचित. पण मग भांडायचं होतंस माझ्याशी! मला भांडणाच्या लायकीची तरी समजायचं होतंस. तू त्यांची वेळ विचारलीस, त्यांची झोप मोजलीस, आणि शेजारी बसलेल्या मला फक्त सांभाळून घेतलंस.

संगीताला मी विचारलं, "दुसरी मॅडम कशाला? मी आहे की." ती गोंधळली. "तुमी तं सकाळच्या न मॅडम," म्हणाली. मी "बघते" म्हटलं, आणि ती गेली. तिला पास व्हायचंय. पदवी मिळाली तर वॉर्डातून कार्यालयात घेणार आहेत. तुझ्या भाभींनी ओसरी अजून बंद केलेली नाही, हेही तिनेच जाता जाता सांगितलं.

आपा, मी तुला अजून माफ केलेलं नाही. पण वचन देते : ती ओसरी रिकामी राहिली तर ती माझ्या रुसव्यामुळे राहणार नाही. आणि तिथे जे होईल ते प्राचार्यांना सांगून होईल. कुणाच्या पाठीमागे नाही, कुणाची दया म्हणून नाही.

तुझी,
सुनंदा

उद्याचं काम : सातचा तास झाला की दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन संगीताला गाठणे आणि विचारणे, चारला मी आलेली तुम्हाला चालेल का?