पाचरी ठोकून दाबलेली फरशी

मंगळवार, संध्याकाळ. कासार आंबोली

आज चाचांनी माझी फरशी उचलली. डोक्यातून जातच नाही.

बंगल्याच्या हॉलमध्ये चार बाय दोनच्या फरशा बसवतोय. मालकांचे वडील, तात्या, वॉकर धरून पाय घासत चालतात, म्हणून एकही कड वर नको. माझी एक फरशी कोपऱ्यांना वर राहिली. शेजारशेजारच्या फरशा एका पातळीत धरायला सांध्यात क्लिपा लावतात, त्यांमध्ये मी प्लास्टिकच्या पाचरी ठोकल्या आणि तिला दाबून टाकलं. बोट फिरवलं तर एकदम सपाट! मी खूश.

सलीमचाचा म्हणजे आमचे मिस्त्री. आले आणि कोपऱ्यावर नुसतं टकटक केलं. आवाज पोकळ. सरळ पाचरी काढून फरशी उचलली, तर खाली चिकटवायचा माल फक्त मधोमध.

"लेका, उद्या क्लिपा तोडल्या की ही परत वर येनार. क्लिप नुस्ती धरून ठेवती. बसवायची आपुनच."

दुसऱ्या कुणाला कळलं असतं? मला तर नाहीच. काय कान आहेत त्या माणसाचे! सगळा माल खरवडून मला दातेरी थापीने पुन्हा पसरायला लावला. या वेळी पाचरी ठोकाव्या लागल्या नाहीत, अंगठ्यानेच सरकल्या. परत टकटक. भरीव!

तात्या दारातून म्हणाले, "सलीम, कवा चालू रं मी?"

"उद्या क्लिपा निघाल्या की. ह्यानं बसवलीया, घाबरू नका."

घाबरलो मीच. उद्या महाळुंग्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. फोन करून सांगितलं, परवा येतो. तात्या त्या फरशीवरून पलीकडे गेलेले मला बघायचेत.