गिअरबॉक्समधून काढलेले लिटरभर तेल व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते थोडे घुटमळले, पण दिला. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिलेली होती.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. यावर चर्चा नको, असे तिनेच सांगितले आहे.

२. दुकानातील चिमटे, भिंगे व बारीक स्क्रूड्रायव्हर पुतणीला. तिचा हात हलका आहे. आमच्या घराण्यात तो कुठून आला, देव जाणे.

३. माझी शिडी डॉक्टरांना. गेली सहा वर्षे ती त्यांच्याकडेच आहे. आता निदान कायदेशीर होईल.

४. माझी मोटार धाकट्या भावाला. तो मेकॅनिक आहे आणि त्याच्याशी मी तीन हिवाळे बोललेलो नाही. कारण नोंदवणे भाग आहे.

गाडी सव्वीस वर्षांची, गिअर आपोआप बदलणारी. तीन वर्षांपूर्वी भावाने गिअरबॉक्सचे तेल बदलून दिले. दुसऱ्या दिवशी मी सवयीने त्याचे काम तपासले. इंजिन बंद, गाडी थंडगार. मापाची पट्टी ओढून पाहिली, तर तेल खुणेच्या बरेच वर. मी लिटरभर उपसून काढले, पुरावा म्हणून बाटलीत भरून ठेवले आणि त्याला फोन केला, "तुला साधं तेल मोजता येत नाही?"

तो म्हणाला, "दादा, तू ते मोजलंस कसं?"

"डोळ्यांनी," असे म्हणून मी फोन ठेवला.

तेव्हापासून थंडीत गाडी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना असा हिसका देई, की पत्नीने पुढे बसणे सोडले. दहा मिनिटांनी गाडी तापली की सुतासारखी सरळ. दोष भावाचाच, हे गृहीत धरून मी बॅटरी बदलली, इंजिनाखालची रबरे बदलली आणि बॉनेटवर पत्नीची रजई घालू लागलो. रजईला तेलाचा वास लागला. मग पत्नीही चार दिवस बोलेना.

गेल्या महिन्यात विम्याचे कागद शोधताना गाडीचे माहितीपुस्तक सापडले. प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेले. त्यात लिहिले आहे की तेल गाडी तापवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून मोजावे. इंजिन बंद असताना पट्टी जास्त माप दाखवते. तसे मोजले. तेल कमी होते. लिटरभरच. नवे आणून भरले. दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत गाडी विनातक्रार गेली आणि मला फार लाज वाटली.

तरी माझ्या पश्चात भावास कळवावे, की त्याचे तेल बरोबर होते. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण माझ्याबद्दल वापरण्यास त्याला पूर्ण मुभा आहे.

५. वरील कलम वकीलबाईंनी मोठ्याने वाचले, तेव्हा पत्नी म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार? मग तो काय म्हणाला ते ऐकायला कोण असणार?"

मी म्हणालो, "त्याच्यासमोर माझी जीभ वळत नाही."

"मग कागद घेऊन जा."

त्यामुळे हे कलम मी भावाच्या गॅरेजात, त्याच्या कामाच्या टेबलावर लिहीत आहे. त्याने कलम चार दोनदा मनात वाचले. तिसऱ्यांदा कामगारांना गोळा करून मोठ्याने वाचले. मी उभा होतो.

स्थळ: भावाचे गॅरेज.
तारीख: डिसेंबरचा पहिला सोमवार.
सही: घड्याळजी.

साक्षीदार पहिला: वकीलबाई. (पुढच्या सीटवर बसून आल्या. हिसका बसला नाही.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, स्वहस्ते. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, सही केलीस तर गाडी जाईल. जाऊ दे. दादा स्वतःहून 'चुकलो' म्हणालाय. याला साक्षीदार मीच होणार.