चौदाव्या होलचं पान

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू चष्मा शोधायला लागला असशील, आणि तो नेहमीसारखा तुझ्या कपाळावरच असेल. मी आणि पत्र, म्हणजे नवलच. समोरच्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ न देणारा माणूस मी. पण गेल्या पंधरा दिवसांत तीनदा ठरवून तुला फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. प्रत्यक्ष आलो असतो तर तू चहा टाकला असतास, मी तो प्यायलो असतो आणि तसाच परत आलो असतो. कागदाचं बरं असतं, तो मधेच जेवलास का म्हणून विचारत नाही.

आधी इकडची खबर देतो. तुझ्या जागी माझ्या गोल्फच्या काठ्या वाहायला जो कॅडी घेतला आहे तो माझ्याच वयाचा आहे, मिशीवाला, माणूस सज्जन. गळ्यात अंतर मोजायचं यंत्र अडकवून फिरतो आणि कुठल्याही फटक्याला छान म्हणतो. परवा चेंडू झाडीत गेला, तर म्हणे छान. मी म्हटलं, अहो, निदान अरेरे तरी म्हणा. बिचारा ओशाळला. त्याला आपली रीत माहीत नाही. मी सवयीने हात मागे करून उभा राहतो, आणि हातात काही येतच नाही. वळून बघतो तर तो पिशवी माझ्यापुढे धरून उभा, काय हवं ते घ्या म्हणून. अठरा वर्षांत मी पिशवीतून स्वतःच्या हाताने काठी काढली नव्हती. अंतराचा आकडा तू सांगायचास, काठी तू हातात द्यायचीस, पटलं नाही तर मी ती परत करायची आणि आपण भांडायचं, पण पिशवीत हात घालायचा नाही. हा आपल्या दोघांचा कायदा. तू घातलेला, मी पाळलेला. एकदाच सोडून.

बाहेरच्यांना वाटतं कॅडी म्हणजे पिशवी वाहणारा. वाटू दे. त्यांनी तुला सोमवारी पहाटे मैदानावर पाहिलेलं नाही. कुठलीही स्पर्धा असो, तू अठराच्या अठरा होल उलटे चालायचास, झेंड्यापासून सुरुवातीकडे. जायचं कुठे ते आधी कळलं की यायचं कुठून ते आपोआप कळतं, असं तुझं म्हणणं. पावलं मोजायची, वहीत लिहायची, आणि तीही पेन्सिलीने, कारण घामाने शाई पसरते. मी तेव्हा हॉटेलात लोळत असायचो. लहानपणीही तेच. बाबा मैदानावर गवत कापायच्या यंत्रावर, आणि आपण दोघं मागच्या रिकाम्या जागेत मोडकी काठी घेऊन. मी मारायचं, तू चालत जायचं आणि तिकडून आकडा ओरडायचा. एकदा मी तू खोटं सांगतोस म्हणालो, तर तू मला कानाला धरून तेवढी पावलं चालायला लावलीस. एकशे चार होती. तू एकशे चारच म्हणाला होतास. त्या दिवसानंतर मी तुझा आकडा कधी तपासला नाही.

आणि मग ही स्पर्धा. वर्षातल्या मोठ्या चारांपैकी एक, आणि हवा अशी की गुरुवारपासूनच आयोजक आणि डॉक्टर यांच्यात जुंपलेली. पारा पंचेचाळीसवर. गवताचा रंग उडालेला, लोक खेळाडूंच्या मागे फिरायचं सोडून झाडांच्या सावलीत रांगा लावून बसलेले. काठ्यांना उघडा हात लावायची सोय नव्हती, तू त्या ओल्या टॉवेलाने पुसून द्यायचास. खेळाडूंना दर तिसऱ्या होलला बर्फाची पिशवी मिळायची, कॅडींना मागितली तर. तू मागायचास आणि ती माझ्याच मानेवर ठेवायचास. मोठी छत्री माझ्या डोक्यावर, आणि तुझ्या अंगात ते जाड जाकीट, स्पर्धेचा नियम म्हणून, पाठीवर माझं नाव छापलेलं. पाणी पी, पाणी पी म्हणून तू माझा जीव खाल्लास. तू किती प्यायलास ते मी बघितलं नाही. हे आज लिहितोय, तेव्हा सुचलंच नाही.

तुला बाराव्या होलनंतरचं काही आठवत नाही असं तू म्हणतोस, आणि डॉक्टरही म्हणाले की उष्माघातात असं होतं, ते परत येईलच असं नाही. तर ऐक. शेवटचा दिवस, रविवार. बाराव्यानंतर मी एका फटक्याने पुढे होतो. वय एक्केचाळीस, मोठी स्पर्धा एकही जिंकलेली नाही, आणि पहिल्यांदाच फळ्यावर सगळ्यात वर आपलं नाव. चौदाव्यावर चेंडू झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या डोक्यावरून पलीकडच्या तळ्यात गेला. दोन फटके वाया गेले. बाकीचे होल मी दात-ओठ खाऊन खेळलो आणि एका फटक्याने हरलो. अठराव्यावर शेवटचा चेंडू आत गेल्यावर तू झेंडा जागेवर लावलास, पिशवी उचललीस. मी मागे वळून न बघता गुणपत्रकावर सही करायच्या खोलीत गेलो, तिथून पत्रकारांच्या खोलीत. तिथे थंड हवा होती. तू तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर बसलास आणि बसल्या जागी कलंडलास. तुला मागच्या दाराने नेलं. मला हे पाऊण तासाने कळलं.

त्या पाऊण तासात मी बोलून बसलो. चौदाव्यावर काय झालं, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, आकडा चुकला. कोणाचा, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, आकडा तर दादाच सांगतो. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच. कॅडीच्या चुकीने किताब हुकला.

मग इस्पितळ. दोन दिवस तू नुसते आकडे बोलत होतास, मी उशाशी बसून ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलास, परिचारिकेकडून पेपर मागून घेतलास आणि वाचलास. मी औषधं घेऊन आत आलो तर तू माझा हात धरलास आणि माफी मागितलीस. माझ्यामुळे तुझं गेलं रे उतावळ्या, मला काहीच आठवत नाही, पण तू म्हणतोस म्हणजे चुकलाच असेन, असं म्हणालास. आणि मी काय म्हणालो आठवतं? ते तरी तुला आठवत असेल. मी तुझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, जाऊ दे.

इथे मी पेन खाली ठेवून खोलीत चार येरझाऱ्या घातल्या. कोपऱ्यात तुझी पिशवी उभी आहे, तिला वळसा घालून जावं लागतं. मिशीवाल्याला मी दुसरी घेऊन दिली आहे.

त्यानंतर तू ताईकडे राहायला गेलास, काम सोडलंस. तब्येतीमुळे सोडलंस असं मी स्वतःला सांगत राहिलो. उन्हात वाहू नका असं डॉक्टरांनी बजावलंच आहे, मग झालं तर. पण दुसऱ्या दोघा खेळाडूंनी विचारलं होतं ना तुला? गारव्यातल्या स्पर्धा, फक्त मैदान मोजून द्यायचं, पिशवीही उचलायची नाही. तू त्यांना, आता माझाच मला भरवसा नाही, असं सांगून परत पाठवलंस. ते मला त्यांच्यातल्याच एकाकडून कळलं. तेव्हाही मी गप्प बसलो. पुढच्या स्पर्धेनंतर सांगू, ताई बरोबर असताना सांगू, असं करत दोन महिने काढले. एरवी उतावळा म्हणून गावभर नाव, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणून आईने आयुष्यभर चिडवलं, आणि इथे बरा धीर धरवला मला.

परवा ताईचा फोन आला. ती हसत हसतच सांगत होती. म्हणे, दादाचं काय चाललंय कळत नाही, गोळ्या तीनदा मोजतो, गॅसचं बटण मला येऊन बघायला लावतो. आणि रोज सकाळी गच्चीचा जिना मोजत चढतो, मोजत उतरतो, परत चढतो. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतो, ताई, सतराच ना गं? ती म्हणाली, मला काय माहीत बाबा, वीस वर्षं राहते इथे, कधी मोजल्या आहेत मी. ती हसली, आणि मग हसायची थांबली.

आता चौदावा होल, दादा, खरा. तू वही उघडलीस, एकशे बासष्ट म्हणालास. तापलेल्या हवेत चेंडू लांब जातो, म्हणून नऊ नंबर, असं म्हणालास आणि काठी पुढे केलीस. मला आठ हवी होती. आठ नंबर नऊपेक्षा लांब मारते हे तुला सांगणं म्हणजे सूर्यापुढे काजवा, पण माझ्या डोक्यात हिरवळीच्या अलीकडचा वाळूचा खड्डा बसला होता. मी नऊ परत केली. तू पुन्हा नऊच म्हणालास. आवाज जड होता, शब्द एकमेकांना चिकटत होते, चेहरा लाल आणि घाम थांबलेला. घाम थांबणं किती वाईट, हे मला गुरुवारी तूच सांगितलं होतंस. ते माझ्या डोळ्यांना दिसलं आणि डोक्यात शिरलं नाही. एरवी तू भांडला असतास. त्या दिवशी नुसता काठी धरून उभा राहिलास, आणि मी हात घालून पिशवीतली आठ काढली. मारली. चेंडू सुरेख उडाला आणि तळ्यात गेला. तू ती नऊ नंबर हातात धरूनच हिरवळीपर्यंत चालत आलास आणि मी तुला म्हणालो, आता ठेव ती आत, लोक बघतायत. अंगात तेवढी आग असताना, भान सुटत असताना, तुझा आकडा बरोबर होता. काठी बरोबर होती. चूक माझी होती, पत्रकारांना सांगितलेलं खोटं माझं होतं, आणि जे तू केलंच नव्हतंस ते मी मोठ्या मनाने तुला माफ केलं. या शेवटच्या गोष्टीची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

पत्राबरोबर तुझी वही पाठवतो आहे. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात होती. तू इस्पितळात असताना पहिल्याच संध्याकाळी मी ती उघडून बघितली होती, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. चौदाव्या होलचं पान काढ. घामाने कागद फुगलाय, पण पेन्सिल जागच्या जागी आहे. एकशे बासष्ट, आणि खाली तुझ्या अक्षरात, ऊन आहे, नऊ. हेच सगळं मी काल एका पेपरवाल्याला सांगितलं, रविवारी छापून येईल. ते वाचायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून ही घाई, एरवीसारखीच, फक्त दोन महिने उशिरा. परत ये असं म्हणत नाही, माझ्याकडे तर नाहीच, तो तुझा प्रश्न आहे. राग आला तर ये आणि कानाला धर. एवढंच कर, जाऊ दे असं मला म्हणू नकोस. आणि ताईच्या जिन्याला सतराच पायऱ्या आहेत. मी मोजलेल्या नाहीत. तू मोजल्यास ना, मग सतराच.

तुझाच,
उतावळ्या