बारीक हाताचं माणूस

बा,

आज सकाळी डुकरीण तोंडात कडबा धरून कोपऱ्याकडे नेऊ लागली, तेव्हाच तू आठवलास. काल मी शेडच्या फरशीवर तिला गादीसारखा कडबा पसरून दिला होता. तिने तो सगळा उधळला. मग तुझी रीत आठवली. ढीग लांब टाकायचा, तिचा तिला नेऊ द्यायचा. "तिनं नेलं तं तिचं घर, आपण पसरलं तं लॉज," म्हणायचास तू. तसं केलं. दुपारपर्यंत घर बांधून झालं, सडांत दूध उतरलं आणि ती आडवी झाली.

पाच पिल्लं सुरळीत आली. मी पुसतोय, बायको एकेकाला सडाला लावतेय. मग सगळं थांबलं. ती जोर करते आणि काहीच येत नाही. तिचं कण्हणं हळूहळू बारीक होत चाललेलं मला ऐकू येत होतं. डॉक्टर परतवाड्याला. फोनवर म्हणाले, यायला तासभर लागेल, तोवर थांबू नका, पिल्लू अडलंय, तेल लावून हात घाला. मी माझा हात बघितला. अकोल्याच्या मालधक्क्यावर वर्षानुवर्षं पोती उचलून त्याचं फावडं झालंय.

"काय पाहून राहिले? मुहूर्त हाये का?" बायको म्हणाली. तिने बांगड्या उतरवल्या, कोपरापर्यंत साबण लावून धुतलं, तेल चोळलं. "तुमी निस्ते कान लावा. कळ आली की सांगा, मी हात थांबवतो."

मी सांगत गेलो. थांब. हं, आता. आडवं अडकलेलं पिल्लू तिने वळवून काढलं. ते मेलेलं होतं, पण त्याच्यामागून चार जिवंत आली. वार पडली, डुकरीण पाणी प्यायली. मी कठड्याला टेकून बसलो आणि हा कागद लिहायला घेतला.

तुझ्याही एका डुकरिणीचं असंच अडलं होतं. तुझा हात जाईना. माझा तेव्हा बारीक होता, अठराव्या वर्षाचा. नाल्याकाठून तू ओरडत राहिलास, "ये ना बाबू, तुया हात पायजे!" मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती गेली होती, पोटातली पिल्लंही. मी म्हणालो, अकोटला गेलो होतो. तू म्हणालास, "असू दे. गावात असता तं धावत आला असता." लोकांनाही मरेपर्यंत हेच सांगत राहिलास.

हा कागद कुठे पाठवणार? मी अकोटला गेलो नव्हतो, बा. नाल्यापलीकडच्या टपरीवर कॉलेजातल्या पोरांसोबत चहा पीत होतो. एकाने विचारलं, कोण ओरडून राहिलं रे एवढं?

मी म्हणालो, असंन कोणी डुकरंवाला.